कोळ्यावरचा आळ

पावसाने जोर धरला की भोरच्या दवाखान्यात "कोळी फिरला" म्हणणारे रोगी येऊ लागायचे. मानेवर, काखेत, मांडीवर लालबुंद पट्टा, त्यावर बारीक फोड आणि नुसती आग आग. काहींना पट्टा नसायचा. दंडावर किंवा कुल्ल्यावर टणक गळू, मधोमध पिवळं तोंड, भोवतीची कातडी तापलेली. त्यांचंही म्हणणं तेच, "रात्री झोपेत कोळी चावला." माझे वडील तिथे कंपाउंडर होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. त्यांच्या हाताखाली मी मलम घोटायला शिकलो आणि पुढे त्याच कामावर पोट भरलं. चावलेला कोळी डबीत धरून आणणारा रोगी मात्र ना त्यांना भेटला, ना मला.

कोळी एकटाच आरोपी होता असंही नाही. मे महिन्यात गळू झालं तर आंबे बाधले. लेकराच्या डोक्यावर फोड आले तर नजर लागली. वर्षानुवर्षं खाजणारा नायटा असला तर रक्त बिघडलं. कमरेला वेढा घालत फोडांची रांग उठली तर ती नागीण. तिचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस संपला, म्हणून कुणी जाणतं माणूस भोवती काव लावून तिची वाट अडवायचं. आप्पा कुणाशी वाद घालत नसत. "आंब्याने गळू आलं असेल तर उरलेली पेटी दवाखान्यात आणून टाका, आम्ही बघतो तिचं काय करायचं," एवढं बोलून ते कात्री-चिमटा उकळायला ठेवत.

कोळ्यावरच्या आळाला मोठा जुना आधार आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात कीटकांच्या विषाचा अध्याय आहे. विश्वामित्राने वसिष्ठांची गाय पळवायचा प्रयत्न केला, तेव्हा संतापलेल्या वसिष्ठांच्या कपाळावरचा घाम गायीसाठी कापून ठेवलेल्या गवतावर पडला आणि त्यातून कोळी जन्मले, अशी कथा तिथे येते. पुढे कोळ्यांचे १६ प्रकार सांगितले आहेत. आठांचं विष कष्टाने बरं होणारं, आठांचं असाध्य. हे विष नुसतं दाढेत नसून लाळेत, नखांत, मूत्रात, विष्ठेतसुद्धा असतं असं तिथे म्हटलं आहे. कोळी न चावता नुसता अंगावरून गेला तरी फोड येतात, ही आमच्या आयाबायांची खात्री काही आभाळातून पडलेली नव्हती.

पट्ट्यासारखे उठणारे फोड खरोखरच एका किड्याचे असतात. फक्त तो कोळी नसतो. सेंटिमीटरभरही लांब नसलेला, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा, मुंगीसारखा दिसणारा हा भुंगेरा भातखाचरात राहतो आणि पिकावरच्या किडी खातो, म्हणजे शेतकऱ्याचा मित्रच. पावसाळ्यात तो दिव्याच्या उजेडाला येतो. तो चावत नाही, डंख मारत नाही. मानेवर बसला आणि आपण झोपेत हाताने चिरडला, की त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं द्रव्य कातडीला लागतं. फोड यायला एखादा दिवस जातो, त्यामुळे किडा कुणाला आठवत नाही. जिथवर बोट फिरलं तिथवर पट्टा उठतो. गुडघ्याच्या मागे लागलं तर पाय दुमडल्यावर वरच्या कातडीचा ठसा खालच्या कातडीवर उमटतो. लगेच साबणाने धुतलं तर बरंच वाचतं. भोर, वेल्हे, मावळ हा सगळा भाताचा मुलूख. या किड्याला याहून चांगलं घर कुठलं मिळणार?

आंब्यावरचा आळही अर्धा खरा. देठाचा चीक लागला तर ओठ-गाल उततात. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले, आणि बिब्बा उतलेला माणूस ज्याने पाहिला आहे त्याला या कुळाची धग सांगावी लागत नाही. पण कुल्ल्यावरचं गळू आंब्याचं नव्हे. ते उन्हाळ्याचं: घाम, घामोळं, खाजवणं आणि नखातली घाण.

या गळवांना आमच्याकडे अंगाच्या जागेनुसार नावं होती. केसाच्या मुळाशी ते केसतूड, काखेत काखमांजरी, पापणीवर रांजणवाडी, नखाच्या कडेला नखुरडं. पायाला जखम झाली आणि जांघेत गाठ आली की अवधाण. पाठीवर किंवा मानेवर अनेक तोंडांचं आलं तर काळपुळी, आणि ते नाव निघालं की घरातली म्हातारी माणसं गप्प व्हायची. काळपुळी बहुधा गोड लघवीच्या माणसाला व्हायची. इन्सुलिनचा शोध १९२१ चा. ते आमच्यासारख्या गावात मिळेपर्यंत आणखी बरीच वर्षं गेली. त्याआधी पाठीची काळपुळी म्हणजे बहुतेक वेळा दिवस मोजणंच होतं.

दवाखाना नव्हता तेव्हा हे काम तीन हातांत वाटलेलं होतं. पहिला हात घरातल्या बाईचा. अळशी भरड कुटायची, उकळत्या पाण्यात सोडून भांड्याची कड सोडेपर्यंत घोटायची, स्वच्छ फडक्यावर बोटभर जाड पसरायची, वरून तेलाचा हात फिरवायचा. चटका बघायचा तो तळहातावर नव्हे, मनगटाच्या आतल्या बाजूला, कारण काम करून राठ झालेल्या तळहाताला ऊन कळत नाही. मग पोटीस गळवावर बांधायचं आणि निवलं की बदलायचं. अळशी नसली तर कणीक, हळद आणि तेल, नाहीतर निखाऱ्यावर भाजलेला कांदा. शेकाने तिथला रक्तपुरवठा वाढतो, ठणका कमी होतो, गळू लवकर तोंड धरतं. यात जादू काही नाही, पण चूकही काही नाही.

दुसरा हात न्हाव्याचा. त्याच्या धोपटीत वस्तऱ्याशेजारी नराणी असे. तिने तो नखं काढायचा, काटा काढायचा आणि पिकलेलं गळूही फोडायचा. तिसरा वैदूचा: तुंबडी लावून रक्त ओढणारा, जळवा लावणारा, वेळ पडली तर तापल्या लोखंडाने डाग देणारा. नराणी चालवणाऱ्याचा हात हलका असला तरी ती नराणी आधी कुणाच्या पायात शिरली होती, हे विचारायची पद्धत नव्हती.

सुश्रुतसंहितेच्या ज्या भागाचा गाजावाजा व्हायला हवा तो माझ्या मते कोळ्याचा नाही, गळवाचा आहे. सूत्रस्थानात सूज कच्ची कधी, पिकत असलेली कधी आणि पिकलेली कधी, हे ओळखण्यावर अख्खा अध्याय आहे. कच्ची सूज टणक, कातडीच्याच रंगाची, फार न दुखणारी. पिकताना ठणका, ताप, झोप नाही. पिकल्यावर दुखणं उतरतं, कातडी सुरकुतते, बोटाने दाबलं तर खड्डा पडून पुन्हा भरतो आणि आतला पू एका बाजूने दाबला की दुसऱ्या बाजूला सरकतो. कच्चं कापणारा आणि पिकलेलं तसंच सोडणारा, दोघांनाही तिथे सारखंच धिक्कारलं आहे. आप्पांनी संहिता वाचलेली नव्हती. पण गळवाच्या दोन बाजूंना दोन बोटं ठेवून एकाने हळूच दाबायचं आणि दुसऱ्याला लाट लागते का ते बघायचं, ही त्यांची पद्धत नेमकी तीच होती. लाट लागली तर ते डॉक्टरांना हाक मारत, नाहीतर रोग्याला म्हणत, "अजून दोन दिवस शेका. घाई केलीत तर आतच पसरेल."

गळवाच्या आत काय असतं हे जगाला कळलं ते १८८० मध्ये. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी रोग्यांच्या गळवातला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात गोल जंतूंचे घोस दिसले. त्यांना पुढे स्टॅफिलोकोकस हे नाव मिळालं. त्याच्याही आधी, १८६७ मध्ये, जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक ॲसिडने जखमा निर्जंतुक ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. आमच्या दवाखान्याला येणारा वास त्याच कार्बोलिकचा. पण ऑग्स्टनच्या घोसांबद्दलची सगळ्यात अडचणीची गोष्ट ही, की ते बाहेरून येतातच असं नाही. साधारण दहातल्या तीन धडधाकट माणसांच्या नाकात हे जंतू सुखाने नांदतात. नाकातून बोटाला, बोटातून खाजवलेल्या कातडीला. घरचा भेदी तो हाच.

पण भेदी घरचा आहे हे कुणाला मान्य करायचं नसतं. लॉर्ड कार्नार्व्हनचं उदाहरण घ्या. तुतनखामेनची कबर उघडण्याच्या मोहिमेला पैसा पुरवणाऱ्या या गृहस्थांच्या गालाला डास चावला, दाढी करताना तिथे वस्तरा लागला, जखम चिघळली, विष रक्तात भिनलं, फुप्फुसाला सूज आली आणि ५ एप्रिल १९२३ रोजी कैरोत त्यांचा मृत्यू झाला. जगभरच्या वर्तमानपत्रांनी फॅरोच्या शापाच्या कहाण्या छापल्या. गालावरचं चिघळलेलं चावणं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. प्रतिजैविकं यायच्या आधी असा मृत्यू राजवाड्यात आणि झोपडीत सारखाच यायचा. लॉर्डच्या वाट्याला फॅरो आला, आमच्या मावळातल्या गड्याच्या वाट्याला कोळी.

आप्पांच्या काळात दवाखान्यातली औषधं रंगांवर चालायची. रोगी "लाल औषध लावा" म्हणाला की मर्क्युरोक्रोम, "जांभळं" म्हणजे जेन्शन व्हायोलेट, "पिवळं" म्हणजे ॲक्रिफ्लेविन. काळं इक्थिऑल ग्लिसरीनमध्ये कालवून गळवावर थापायचं. त्याचा वास तीन घरं जायचा. मॅगसल्फची पेस्ट गळवातलं पाणी ओढून घ्यायची. खरजेला गंधकाचं मलम, नायट्याला बेंझॉइक आणि सॅलिसिलिक ॲसिडचं व्हिटफील्डचं मलम. ही मलमं आम्ही काचेच्या फरशीवर लांब पात्याच्या सुरीने घोटायचो. पूड आधी थोड्या व्हॅसलिनमध्ये इतकी बारीक करायची की दोन बोटांत चोळली तर एकही कण लागता कामा नये, मग उरलेलं व्हॅसलिन थोडं थोडं मिसळायचं. कण राहिला तर आधीच उघड्या असलेल्या कातडीला तो बोचणार. आप्पा तयार मलम स्वतःच्या मनगटावर चोळून बघत आणि मगच डबी भरू देत.

गळू कापल्यावरचं काम याहून महत्त्वाचं होतं. पू निघाला की लोकांना वाटायचं संपलं. पण वरचं तोंड आधी मिटलं आणि आत पोकळी राहिली, तर पंधरा दिवसांत तिथेच दुसरं गळू, नाहीतर वर्षभर वाहणारा नासूर. म्हणून गॉझची बत्ती करून आत सोडायची, रोज बदलायची, रोज थोडी आखूड करायची. जखम तळापासून भरत वर आली पाहिजे. रोगी रोज तीन-चार मैल चालत यायचे. न येणाऱ्याला आप्पा बाजाराच्या दिवशी रस्त्यात गाठत आणि तिथेच फडकं सोडून बघत.

मग सल्फा आलं. सिबाझोलची पांढरी पूड जखमेवर भुरभुरवणं ही दोन पिढ्यांची सवय झाली. आणि सल्फापाठोपाठ पेनिसिलिन. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंगना लंडनमध्ये जी बुरशी दिसली तिचं औषध व्हायला बारा-तेरा वर्षं लागली. फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्डला एका पोलिसाला ते टोचलं. त्याच्या चेहऱ्यावरची जखम चिघळून डोक्याला, डोळ्याला, फुप्फुसाला पू झाला होता. काही दिवसांत तो जेवू लागला. पण औषधच संपलं. त्याच्या लघवीतून पुन्हा गाळून घेतलेलंही पुरलं नाही आणि मार्चमध्ये तो गेला.

आमच्याकडे पेनिसिलिनचं घर भोरहून फार दूर नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने भारत सरकारने १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी केली. त्यावेळचं पिंपरी म्हणजे माळरान. त्या कारखान्यातली छोटी काचेची बाटली, आत पांढरी पूड, ४ लाख युनिट प्रोकेन पेनिसिलिन, हा आमच्या कपाटातला मानाचा ऐवज झाला. काचेची सिरिंज उकळायची, बाटलीत पाणी सोडायचं, तळहातावर फिरवून मिसळायचं, आधी कातडीत थेंबभर टोचून पुरळ येते का ते बघायचं आणि मगच पूर्ण सुई. याच कारखान्यात एम. जे. तिरुमलाचार यांनी पिंपरीच्या मातीतल्या जंतूपासून बुरशीवरचं हॅमायसिन शोधलं आणि त्या जंतूच्या शास्त्रीय नावात पिंपरीचं नाव घातलं. आमच्या जिल्ह्याची माती औषधाच्या पुस्तकात गेली याचा आप्पांना कोण अभिमान!

सुईने जीव वाचले, याबद्दल दुमत नाही. पण त्याच सुईने दवाखान्याची रीत मोडली. रोगी "गळू बघा" म्हणायच्या ऐवजी "सुई द्या" म्हणू लागला. अळशी अडगळीत गेली, बत्ती बदलायला कुणी रोज येईना. पुढे कॅप्सूल आली आणि दुकानातून चार कॅप्सूल नेऊन दोन खायची, दोन पुढच्या गळवासाठी ठेवायची, असा रिवाज पडला. पिकलेल्या गळवात औषध नीट पोचतच नाही, कारण पूभोवतीच्या भिंतीआड रक्त जात नाही. तिथे चाकूच लागतो, हे साधं सत्य नव्या औषधांच्या दिमाखात मागे पडलं.

फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणातच बजावलं होतं की अपुऱ्या मात्रेने जंतू शिकतील. ते शिकले. पेनिसिलिनला न जुमानणारे स्टॅफिलोकोकस त्याच दशकात लंडनच्या रुग्णालयांत पसरले. त्यांच्यासाठी १९५९ मध्ये मेथिसिलिन आलं, आणि १९६१ मध्ये पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी इंग्लंडमधून मेथिसिलिनलाही दाद न देणाऱ्या जंतूंची नोंद केली. सुरुवातीला हा रुग्णालयातला आजार होता. १९९० च्या दशकात तो अमेरिकेत रुग्णालयाबाहेर पडला: तुरुंगांत, खेळाडूंच्या कपडे बदलण्याच्या खोल्यांत, बराकीत.

आणि तिथे काय म्हणत होते लोक? कोळी चावला! लॉस एंजेलिस कौंटीच्या तुरुंगात २००२ मध्ये नऊशेहून अधिक कैद्यांना या हट्टी जंतूची गळवं झाली. सुरुवातीला ती कोळ्याची चावणी समजली गेली. पण कारण होतं गर्दी, एकमेकांचे टॉवेल-साबण आणि वेळेवर न धुतलेल्या जखमा. त्याच वर्षी कॅन्ससमधल्या एका जुन्या घराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या घरात सहा महिन्यांत अमेरिकेतल्या सगळ्यात बदनाम जातीचे २,०५५ कोळी पकडले गेले. चार माणसांचं कुटुंब तिथे वर्षानुवर्षं राहत होतं. एकालाही चावा नव्हता. मी हे वाचलं तेव्हा मला भोरच्या दवाखान्याचा ओटाच डोळ्यांसमोर आला. भाषा वेगळी, तक्रार तीच, आरोपी तोच.

रेंगाळणाऱ्या नायट्याची कथा याहून वेगळी नाही. व्हिटफील्डचं मलम झोंबायचं, वेळ लागायचा, पण काम करायचं. त्याच्या जागी स्टेरॉइड मिसळलेली गोरी, सुवासिक मलमं आली. स्टेरॉइडने खाज एका रात्रीत बसते, बुरशी मात्र आत माजते. २०१८ मध्ये अशा स्टेरॉइड मलमांवर चिठ्ठीची सक्ती झाली, पण तोवर नायटा घराघरात बसला होता. नेहमीच्या गोळ्यांना न बधणाऱ्या या बुरशीच्या जातीला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी वेगळं नाव दिलं. त्या नावातही इंडिया आहे. पण पिंपरीसारखा अभिमान यात कुणाला वाटणार नाही. इथे आरोपी कोण, तर अजूनही "बिघडलेलं रक्त", आणि त्यावर रक्तशुद्धीची बाटली.

आळ दुसऱ्यावर गेला की हात मोकळे होतात, ही या सगळ्या इतिहासातली खरी मेख. कोळी दोषी ठरला की टॉवेल वेगळा ठेवायची गरज उरत नाही. आंबा दोषी ठरला की साखर तपासायची गरज उरत नाही. रक्त दोषी ठरलं की घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी नायट्याचं औषध लावायची गरज उरत नाही. सुश्रुतसंहितेतल्या कोळ्याच्या कथेचा वारसा आम्ही जिवापाड जपला आणि गळवावर बोट ठेवून वाट बघण्याचा वारसा सोडून दिला. औषधं निकामी होऊ लागल्यावर जगभरचे डॉक्टर आज पुन्हा तेच सांगताहेत: पिकलं असेल तर नीट कापा, धुवा, झाकून ठेवा, कॅप्सूल खरोखर लागेल तेव्हाच आणि पूर्ण मात्रेत.

निवृत्तीनंतरही शेजारीपाजारी विचारायला येतात. मी पहिला प्रश्न विचारतो तो हा, "चावताना कोळी पाहिलात का?" उत्तर बहुधा नाही असंच येतं. मग दुसरा, "याआधी कधी आलं होतं? घरात आणखी कुणाला आहे?" इथे हमखास एखादी वहिनी किंवा नातू निघतो. वारंवार येत असेल तर आधी साखर तपासायला पाठवतो. नाकाच्या आणि वरच्या ओठाच्या आसपास असेल तर त्याला नखही लावायचं नाही, कारण तिथल्या शिरा थेट मेंदूकडे जातात. लाली तासातासाने पसरत असेल, थंडी वाजून ताप आला असेल, तर पोटीस नाही, काव नाही, माझा सल्लाही नाही, सरळ डॉक्टर. बाकीच्यांना शेक, साबण, वेगळा पंचा आणि कापलेली नखं. "आणि कोळ्याचं काय करू?" असं कुणी विचारलंच, तर म्हणतो, राहू दे भिंतीवर. डास खातो तो, आणि त्याच्यावर एवढे आळ घेऊनही त्याने आपल्यावर कधी फिर्याद केलेली नाही.